पाठवणीलाच अडकणारी डीव्हीडी: घरी बर्न केलेली व्हिडिओ डिस्क चालत नसेल तर काय करावं

डिस्क अडकली की आपला हात आपसूक शर्टाच्या किंवा ओढणीच्या टोकाकडे जातो. गोल गोल पुसायची, फुंकर मारायची, परत ट्रेमध्ये टाकायची. नाही चालली की पुन्हा तेच. लग्नामुंजीच्या कितीतरी डिस्क अशा पुसण्यानेच जास्त बिघडलेल्या मी पाहिल्या आहेत.

माझ्या मावसबहिणीच्या २००६ सालच्या लग्नाच्या तीन डीव्हीडी आहेत. पहिल्या दोन ठीक चालतात. तिसरी अगदी पाठवणीला अडकायची. आजोबा गाडीच्या काचेवर हात ठेवून उभे आहेत, आणि तिथेच चित्राचे चौकोन होऊन थिजतात. मावशीला नेमकं तेवढंच पाहायचं असायचं. आम्ही सगळ्यांनी मिळून ती डिस्क इतक्या वेळा पुसली की तिच्यावर बारीक गोल ओरखड्यांचं जाळं झालं. मूळ दोष त्या ओरखड्यांत नव्हताच. तो कुठे होता ते पुढे ओघात येईलच, पण त्या डिस्कने मला शिकवलेला क्रम आधी सांगतो: आतला मजकूर जमेल तितका कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, आणि मगच डिस्कवर किंवा प्लेअरवर प्रयोग करा. उलट्या क्रमाने गेलात तर दुरुस्तीच्या नादात आहे तेही जाईल.

हे बर्न केलेल्या डिस्कबद्दल आहे. दुकानातल्या चित्रपटाच्या डिस्कमधले खड्डे कारखान्यात साच्यातून छापलेले असतात. शूटिंगवाल्याने दिलेल्या किंवा आपण घरी बनवलेल्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा एक थर असतो आणि रायटरच्या लेझरने तो जागोजागी भाजलेला असतो. ऊन, उष्णता आणि दमट हवा या थराला मानवत नाही. कोकणातल्या चार पावसाळ्यांत भिंतीतल्या कपाटात राहिलेली डिस्क आणि सोलापूरच्या कोरड्या घरातली डिस्क एकाच दिवशी बर्न केलेल्या असल्या तरी त्यांची अवस्था सारखी राहील, हे गृहीत धरू नका.

आधी नुसतं पाहा

डिस्क कडेने धरा, मधल्या भोकात बोट घाला आणि ट्यूबलाइटखाली थोडी तिरकी करा. खालच्या बाजूला, म्हणजे जिकडे छापील नाव नाही तिकडे, दोन छटा दिसतील. आतला गडद पट्टा हा लिहिलेला भाग, बाहेरचा उजळ पट्टा कोरा. साधी एकेरी थराची डिस्क नेहमी आतून बाहेर लिहिली जाते. त्यामुळे ती कुठपर्यंत भरली आहे हे डोळ्यांनी कळतं. पट्टा बोटभर रुंदीचाच असेल आणि वर 'संपूर्ण लग्न' लिहिलेलं असेल, तर बर्निंग अर्धवट राहिलेलं आहे. अशा डिस्कला पुसून काही होणार नाही.

आता डिस्क दिव्यासमोर धरून आरपार पाहा. सीडी किंवा व्हीसीडी असेल तर हे जरूर करा. सीडीत चमकणारा थर छापील बाजूच्या अगदी खाली असतो, वर फक्त लाखेसारखा पातळ लेप. त्यामुळे सीडीला खरा धोका वरच्या बाजूने असतो. पेनाच्या टोकाने ओढलेली रेघ, उचकटलेलं स्टिकर, टाचणीएवढी भोकं. जिथून दिवा दिसतो तिथला मजकूर गेला, तो परत येत नाही. डीव्हीडीची रचना वेगळी आहे: ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या डिंकाने चिकटवलेल्या, आणि मजकूर त्यांच्या मध्ये सुरक्षित. तिला वरचे ओरखडे फारसे बाधत नाहीत, पण वाकवलेलं अजिबात चालत नाही. घट्ट डबीतून डिस्क काढताना कड धरून ओढू नका. मधलं बटण दाबा, ती सुटून वर येते.

पुसायचीच असेल तर मऊ, धागे न सुटणारं सुती कापड घ्या आणि मध्यातून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल पुसलेला ओरखडा लेझरच्या वाटेच्या दिशेनेच जातो, त्यामुळे सलग पुष्कळ मजकूर एकदम वाचता येत नाही. आडवा ओरखडा लेझर क्षणात ओलांडतो आणि तेवढी चूक प्लेअर स्वतः दुरुस्त करून घेतो. बोटांचे तेलकट ठसे असतील तर कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब पुरे. थिनर, नेलपॉलिश काढायचं द्रव, रॉकेल यांनी प्लास्टिक धुरकट होतं. टूथपेस्टचा उपाय घरोघरी सांगितला जातो. ती प्लास्टिक घासते, आणि उथळ ओरखड्यावर कधी कधी उपयोगही होतो, पण तो शेवटचा उपाय म्हणून ठेवा, मजकूर उतरवून झाल्यावर.

पावसाळ्यात थंड कपाटातून काढलेल्या डिस्कवर बाष्प धरतं. ती तासभर खोलीत उघडी ठेवून मग लावा. असल्या दिवसांत प्लेअरच्या भिंगावरही ओल बसते.

दोष कोणाचा: डिस्कचा, लिहिण्याचा की प्लेअरचा

दोन डिस्क शोधा. एक दुकानातली छापील, दुसरी बर्न केलेली पण पूर्वी नक्की चाललेली. छापील चालली आणि दोन्ही बर्न केलेल्या अडखळल्या, तर बोट प्लेअरकडे जातं. बर्न केलेली डिस्क छापील डिस्कपेक्षा कमी प्रकाश परतवते आणि पुन्हा पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू तर आणखीच कमी. म्हणून प्लेअरचं लेझर थकलं किंवा भिंगावर धूळ बसली की आधी आरडब्ल्यू बंद पडतात, मग बर्न केलेल्या, आणि सर्वात शेवटी छापील. 'चित्रपट तर चालतात, मग प्लेअर चांगलाच आहे' हा तर्क इथे फसतो.

व्हीसीडी चालतात पण डीव्हीडी नाहीत, किंवा त्याच्या उलट, असं असेल तरी संशय प्लेअरवरच. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचं आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचं लेझर लागतं. दोन्हींपैकी एकच थकलेलं असू शकतं. ब्रशवाली क्लीनिंग डिस्क एकदा वापरून पाहायला हरकत नाही. त्याने फरक पडला नाही तर जुन्या प्लेअरवर फार खर्च करू नका, डिस्ककडे वळा.

कॉम्प्युटरमध्ये घालून काय दिसतं

हल्लीच्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो. यूएसबीने जोडायचा बाहेरचा डीव्हीडी रायटर घ्यावा लागेल. तो थेट लॅपटॉपच्या पोर्टलाच लावा. हबमधून पुरेशी वीज मिळाली नाही की ड्राइव्ह मध्येच सुटतो आणि आपण उगाच डिस्कला दोष देत बसतो. विंडोज ८ पासून मीडिया प्लेअरमध्ये डीव्हीडी चालवण्याची सोय राहिली नाही, म्हणून व्हीएलसी घ्या. ते मोफत आहे आणि जवळपास सगळं चालवतं.

पण लगेच चालवू नका. आधी डिस्क उघडून आतली फोल्डर पाहा. अर्धं निदान तिथेच होतं.

'व्हिडिओ_टीएस' नावाचं फोल्डर आणि त्यात आयएफओ, बीयूपी, व्हीओबी अशा फाइली दिसल्या तर ती रीतसर व्हिडिओ डीव्हीडी आहे. हे फोल्डर थेट डिस्कच्या मुळाशी हवं. कोणीतरी 'मुंज' नावाचं फोल्डर करून त्याच्या पोटात व्हिडिओ_टीएस टाकलं असेल, तर कॉम्प्युटर ते चालवेल पण टीव्हीखालच्या प्लेअरला ते सापडणारच नाही. हा दोष मला वारंवार भेटला आहे आणि त्यावर पुन्हा बर्न करण्यावाचून उपाय नाही.

'एम्पेगएव्ही' फोल्डर आणि त्यात डॅट फाइली म्हणजे व्हीसीडी. चित्राचा आकार ३५२ बाय २८८, त्यामुळे आजच्या मोठ्या टीव्हीवर ती धूसर दिसणारच. तो बिघाड नाही.

'डीव्हीडी_आरटीएव्ही' फोल्डर आणि व्हीआरओ फाइल दिसली तर ती डीव्हीडी रेकॉर्डरवर किंवा ८ सेंटिमीटरच्या छोट्या डिस्कवाल्या कॅमेऱ्यात 'व्हीआर' पद्धतीने नोंदलेली आहे. बरेच साधे प्लेअर ही पद्धत ओळखत नाहीत.

नुसत्या एमपी४, एव्हीआय किंवा एमकेव्ही फाइली दिसल्या, तर ती व्हिडिओ डीव्हीडीच नाही, ती फाइलींनी भरलेली डेटा डिस्क आहे. इथे विंडोजने खूप जणांची फसगत केली आहे. डिस्क टाकल्यावर ते दोन पर्याय देतं: यूएसबी ड्राइव्हसारखी वापरायची, की सीडी-डीव्हीडी प्लेअरसोबत. दुसरा निवडला की टीव्हीवर चालणारी डीव्हीडी तयार होते असं वाटतं. प्रत्यक्षात दोन्ही वेळा फाइली जशाच्या तशा लिहिल्या जातात. दुसऱ्या पर्यायाने फक्त इतर यंत्रांना ती डिस्क उघडता येते, आत एमपी४ असेल तर एमपी४च राहतं. पहिल्या पर्यायाची डिस्क घरगुती प्लेअर बहुधा उघडतच नाही. समोर डिव्हएक्सचं चिन्ह असलेले प्लेअर जुन्या पद्धतीच्या एव्हीआय फाइली वाचतात, पण मोबाइलमधल्या एमपी४ फाइलीतला एच.२६४ व्हिडिओ त्यांच्यातल्या बहुतेकांना झेपत नाही.

आणि कॉम्प्युटरने डिस्क कोरी आहे असं सांगितलं, पण डोळ्यांना गडद पट्टा दिसतो आहे? तर ती बंद केलेली नाही.

फायनलाइझ न केलेली डिस्क

डिस्क लिहून झाल्यावर सुरुवातीला अनुक्रमणिका आणि शेवटी समाप्तीचा भाग लिहावा लागतो. याला फायनलाइझ करणं म्हणतात. रेकॉर्डर आणि कॅमेरे हे आपोआप करत नसत, मेनूत जाऊन करावं लागे. घाईत ते राहून जायचं आणि ती डिस्क फक्त त्याच यंत्रावर दिसायची. जुना कॅमेरा किंवा रेकॉर्डर घरात कुठे पडला असेल तर शोधून काढा. त्याच यंत्रात डिस्क घालून फायनलाइझ करणं सर्वात खात्रीचं. वीजपुरवठा पक्का असेल तेव्हाच करा. मध्येच लाइट गेली तर डिस्क कायमची अडकू शकते.

यंत्र भंगारात गेलं असेल तर आयसोबस्टर हा प्रोग्राम वापरा. तो अनुक्रमणिका नसलेल्या डिस्कवरही सेशन आणि ट्रॅक, म्हणजे लिखाणाचे टप्पे आणि तुकडे, शोधून फाइली काढून देतो. काही कामांसाठी त्याचे पैसे भरावे लागतात, पण एकुलत्या एका चित्रीकरणासाठी ते सार्थकी लागतात. काही बर्निंग प्रोग्राममध्ये डिस्क बंद करण्याचा पर्याय असतो. तो मजकूर काढून घेण्याआधी वापरू नका. एकदा बंद केलेली आर (एकदाच लिहिता येणारी) डिस्क पुन्हा उघडता येत नाही.

मजकूर उतरवून घेणं

या टप्प्यावर घाई नको. खराब डिस्कवरून फाइली नेहमीसारख्या कॉपी-पेस्ट करू नका. विंडोज एका खराब जागी अडतं, त्रुटी दाखवतं आणि त्या एका जागेपायी पूर्ण फाइल टाकून देतं. पुढचा चांगला भाग वाचायचाही प्रयत्न करत नाही.

डीव्हीडीसाठी माझा भरवसा जीएनयू डीडीरेस्क्यूवर आहे. ते लिनक्सवर चालतं. लिनक्स बसवायचं नसेल तर पेनड्राइव्हवरून सुरू करता येतं. ते डिस्कची प्रतिमा, म्हणजे एक आयएसओ फाइल, तयार करतं आणि सोबत एक नकाशा-फाइल ठेवतं: कुठले सेक्टर (डिस्कवरचे मजकुराचे छोटे कप्पे) वाचले, कुठले राहिले. सेक्टरचा आकार २०४८ बाइट द्या. पहिल्या फेरीत खराब भाग न खरवडता पुढे जायला सांगा, म्हणजे चांगला सगळा मजकूर आधी हाती येतो. दुसऱ्या फेरीत थेट वाचनाचा पर्याय लावून राहिलेल्या जागांवर तीन वेळा प्रयत्न करू द्या. चांगली डिस्क अर्ध्या तासाच्या आत उतरते, वाईट डिस्कला रात्रभर लागू शकते. लागू द्या.

त्या नकाशा-फाइलीचं खरं मोल इथे आहे: तीच आयएसओ आणि तोच नकाशा घेऊन डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला. डीडीरेस्क्यू फक्त राहिलेले सेक्टर मागतं. प्रत्येक ड्राइव्हच्या लेझरची नजर वेगळी असते, एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं. माझ्या मावसबहिणीच्या डिस्कवर पहिल्या ड्राइव्हने बाहेरच्या कडेचा बराच भाग सोडला होता. शेजाऱ्यांच्या जुन्या डेस्कटॉपमधल्या ड्राइव्हने तो जवळजवळ सगळा वाचला. पाठवणीत आता दोन ठिकाणी अर्ध्या सेकंदाचे चौकोन येतात, एवढंच. आजोबा पूर्ण दिसतात, गाडी निघून जाईपर्यंत.

उतरवलेली आयएसओ व्हीएलसीत थेट उघडते. मेनूच येत नसेल तर आयएफओ फाइल बिघडलेली असू शकते. त्याच नावाची बीयूपी फाइल ही तिचीच राखीव प्रत असते. फाइली हार्ड डिस्कवर काढून घ्या, बीयूपीची एक प्रत करा आणि तिचं नाव बदलून आयएफओ करा. तेही जमलं नाही तर व्हीओबी फाइली एकेक करून व्हीएलसीत ओढा. मेनू गेला तरी चित्र आणि आवाज तिथेच आहे.

व्हीसीडीची गोष्ट निराळी आहे. तिच्यात व्हिडिओचे सेक्टर वेगळ्या प्रकारचे असतात: चूक दुरुस्तीसाठी राखलेली जागाही व्हिडिओसाठी वापरून प्रत्येक सेक्टरमध्ये २३२४ बाइट भरलेले. म्हणूनच ७०० मेगाबाइटच्या सीडीत ८० मिनिटं मावतात. पण त्यामुळे डीडीरेस्क्यू तिथे उपयोगी पडत नाही. व्हीसीडीसाठी आयसोबस्टर किंवा व्हीसीडीगिअर घ्या आणि डॅट फाइलीतून एमपेग काढा. खराब सेक्टर आला तर तो रिकामा ठेवून पुढे जायला सांगा. एखाद-दुसरा सेक्टर गेला तर पडद्यावर क्षणभर चौकोन दिसतील, पुढचं चित्र चालू राहील.

शेवटी शेवटीच का अडकते

आतून बाहेर लिहिली जात असल्याने कार्यक्रमाचा शेवट डिस्कच्या बाहेरच्या कडेला येतो. लग्नाच्या डिस्कवर तिथे पाठवणी असते. आणि सर्वात जास्त मार खाते ती हीच कड: बोटं तिथेच लागतात, डिस्क किंचित वाकडी असेल तर डगमग तिथेच सर्वाधिक होते, चकत्यांमधला डिंक सुटू लागतो तोही कडेकडून. त्यात डिस्क काठोकाठ भरलेली आणि कमाल वेगाने बर्न केलेली असेल, तर लिखाण मुळातच तिथे कच्चं राहतं. सीझनमध्ये एका रात्रीत दहा-दहा प्रती काढणाऱ्या माणसाची घाई मला समजते, पण सोळापट वेगाचा हिशेब शेवटी पाठवणीवरच निघतो. आमच्या डिस्कचा दोष हाच होता.

वरून चिकटवलेला गोल कागदी फोटोही कारण असू शकतो. तो किंचित एका बाजूला चिकटला की वेगाने फिरताना डिस्क थरथरते, आणि दमट हवेत कागद ताणून तिला वाकवतो. तो ओढून काढू नका. डीव्हीडीवर असेल तर तसाच ठेवून कमी वेगाने वाचा, सीडीवर असेल तर त्याच्यासोबत मजकूर निघून येईल.

नेमकं मधोमध क्षणभर थांबून पुढे चालू होत असेल आणि डिस्क ८.५ जीबीची दुहेरी थराची असेल, तर तो थर बदलण्याचा थांबा आहे. त्याची काळजी नको.

बर्न करायच्या डीव्हीडीचे प्लस आर (डीव्हीडी+आर) आणि मायनस आर (डीव्हीडी-आर) असे दोन प्रकार आहेत. जुन्या प्लेअरना प्लस आर डिस्क ओळखता येत नाही असंही होतं. मायनस आर आधी, १९९७ साली आली. प्लस आर २००२ साली आली. त्याआधीच्या प्लेअरसाठी मायनस आर घेतलेली बरी. काही रायटर प्लस आर लिहिताना तिची ओळख छापील डिस्क म्हणून नोंदवू शकतात. तुमच्या रायटरमध्ये ती सोय असेल तर जरूर वापरा.

नवी डिस्क बर्न करताना

मजकूर हाती आला. आता मावशीच्या प्लेअरसाठी नवी डिस्क हवी. माझी पद्धत अशी:

१. मूळ व्हिडिओ डीव्हीडीची प्रतिमा धड उतरली असेल तर काही बदलू नका, आयएसओ तशीच बर्न करा. पुन्हा एन्कोड केलं, म्हणजे व्हिडिओ नव्याने रूपांतरित केला, की चित्राचा दर्जा घसरतो.

२. मोबाइलचं किंवा तुकड्यातुकड्यांचं चित्रीकरण असेल तर डीव्हीडीस्टाइलरसारखा मोफत प्रोग्राम घ्या. भारतातली टीव्ही चित्राची रीत पाल: ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम). पण मोबाइल बहुधा ३० चौकटींनी टिपतो. ते २५ वर आणलं की हालचाल धक्के खात दिसते. त्यासाठी एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतली रीत, ७२० बाय ४८०, ठेवा. इथले प्लेअर आणि टीव्ही सहसा दोन्ही चालवतात.

३. मोबाइल चौकटींचा वेग मध्येच कमीजास्त करतो. त्यामुळे सुरुवातीला जुळणारा आवाज अर्ध्या तासाने ओठांच्या मागे पडतो. आधी हँडब्रेकमधून स्थिर फ्रेमरेट लावून फाइल काढा, मग ती डीव्हीडीस्टाइलरला द्या.

४. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला किती माहिती भरायची ते, हिशेबाने ठरवा. डिस्कवर भरायच्या ३६,००० मेगाबिटला एकूण सेकंदांनी भागा, उत्तर मेगाबिटमध्ये येतं आणि त्यात चित्र-आवाज दोन्ही आले. ९० मिनिटं म्हणजे ५,४०० सेकंद, बिटरेट साधारण ६.६. दोन तासांना ५. उत्तर ८ च्या वर गेलं तरी ८ वरच थांबा. नियमाने कमाल १०.०८ पर्यंत जाता येतं, पण बर्न केलेल्या डिस्कवर थकलेल्या प्लेअरला ते पुरवत नाही. तीन तास एका डिस्कवर कोंबू नका, दोन डिस्क करा. या हिशेबात बाहेरची कड थोडी मोकळी राहते, ती मुद्दाम ठेवली आहे.

५. आवाज ४८ किलोहर्ट्झचा, डॉल्बी एसी३. व्हीसीडीचा आवाज ४४.१ चा असतो. तो तसाच डीव्हीडीत घातला तर कुठे मुका, कुठे घसरलेला वाजतो. डीटीएस टाळा, साध्या टीव्हीला जोडलेल्या प्लेअरवर ऐकू येत नाही.

६. जुन्या डीव्ही टेपवरून काम करत असाल तर फील्डचा, म्हणजे प्रत्येक चौकटीच्या दोन अर्ध्या भागांचा, क्रम 'खालचं आधी' ठेवा. उलटा झाला तर वरातीत नाचणारी माणसं टीव्हीवर मागेपुढे थरथरतात. कॉम्प्युटरच्या पडद्यावर हा दोष नीट कळत नाही, टीव्हीवरच पाहा.

७. बर्न करायला इमगबर्न. व्हिडिओ_टीएस फोल्डर दिलं की ते फाइली योग्य क्रमाने मांडतं आणि आयएफओ व बीयूपी यांच्यात निदान ३२ किलोबाइटचं अंतर राखतं, म्हणजे एका ओरखड्यात दोन्ही जात नाहीत. इन्स्टॉल करताना सोबत नको ते काही बसत नाही ना, याकडे लक्ष ठेवा.

८. सोळापट वेगाच्या डिस्कवर आठपट वेगाने लिहा. जेमतेम दोन-तीन मिनिटं जास्त जातात. त्या वेळी कॉम्प्युटरवर दुसरं काम नको. बर्न झाल्यावर पडताळणीचा पर्याय चालू ठेवा आणि तो वगळू नका. पडताळणी बाहेरच्या कडेला अडखळली तर ती डिस्क कोणाला देऊ नका.

९. कोऱ्या डिस्क घेताना वरच्या नावावर जाऊ नका, एकाच नावाच्या डब्यात वेगवेगळ्या कारखान्यांचा माल असतो. इमगबर्न डिस्कचा मीडिया आयडी, म्हणजे ती कोणत्या कारखान्याची ते सांगणारा संकेत, दाखवतं. ज्या आयडीच्या डिस्क तुमच्या प्लेअरवर नीट चालल्या तो लिहून ठेवा.

शेवटची तपासणी मावशीच्याच प्लेअरवर करा, आणि सुरुवातीची दोन मिनिटं पाहून समाधान मानू नका. रिमोटने थेट शेवटच्या प्रकरणावर जा. तिथे पाच मिनिटं नीट चाललं तर बाकीची डिस्क चालते.

अमेरिकेत मुलीकडे डिस्क पाठवायची असेल तर एनटीएससीच करा. तिकडचे बरेचसे प्लेअर पाल डिस्क घेत नाहीत. इथून पाठवलेली लग्नाची डीव्हीडी 'तिकडे लागतच नाही' ही तक्रार बहुधा त्यामुळेच असते. डीव्हीडीच्या विक्रीसाठी जगाचे जे विभाग पाडले आहेत त्यांत भारत विभाग ५ मध्ये येतो आणि अमेरिका १ मध्ये, पण घरी बनवलेल्या डिस्कला सहसा विभागाचं बंधन नसतं, त्यामुळे शंका तिकडे नेऊ नका.

डिस्कवर लिहिताना पाण्याच्या शाईचं, मऊ टोकाचं पेन वापरा आणि शक्य तितकं मधल्या पारदर्शक कड्यावर लिहा: तारीख, कोणाचा कार्यक्रम, कितवी डिस्क. डबीत उभी ठेवा, खिडकीपासून आणि टीव्हीच्या मागच्या उष्णतेपासून दूर. आयएसओ फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. आमची एक मावशीकडे आहे, जुन्या साड्यांच्या कपाटात, त्या तीन डीव्हीडींच्या शेजारी.